टेम्प फाइल पुसायच्या आधी एकदा बघा की

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात कॉम्प्युटरच्या सदरात एक टीप आली होती, मशीन स्लो झालं असेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबा, परसेंट टेम्प परसेंट टाइप करा, जेवढ्या फाइली दिसतील तेवढ्या सिलेक्ट करून डिलीट मारा, काहीच होत नाही. टीप वाईट नाहीये, घरच्या मशीनवर तिथं बहुतेक ब्राउझरचा नाहीतर इन्स्टॉलरचा कचराच असतो आणि जागा मोकळी होते. पण ते शेवटचं "काहीच होत नाही" वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहालोय. आमच्या कामात पुष्कळदा नेमक्या त्याच फाइलींवर सगळं अडकलेलं असतं आणि हे आपल्याकडे कोण सांगत नाही, ना दुकानात ना कॉलेजात.

मी अनगोळला राहतो. सतरा वर्षं झाली, बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी ह्या पट्ट्यात छोट्या धंद्यांची सॉफ्टवेअरं करून देतो, वजनकाटे, दूध डेअऱ्या, पतसंस्था, उद्यमबागेतल्या दोन-चार फाउंड्र्यांचा स्टॉक. मोठ्या कंपनीसारखी माणसं नाहीत आमच्याकडे, मी आणि दोन पोरं. त्यामुळं प्रोग्राम कुठं अडकला तर रात्री फोन मलाच येतो आणि गाडी काढून जायचं मलाच, आणि गेल्यावर तिथं काही पुरावाच नसेल तर नुसतं स्क्रीनकडं बघत बसायचं.

पुरावा म्हणजे काय ते आधी सांगतो. प्रोग्राम एखादं लांबलचक काम करत असताना मध्ये मध्ये लिहून ठेवतो की मी कुठवर आलो, काय वाचलं, काय उरलंय. ती स्टेट फाइल. काम पूर्ण झालं की तिची गरज संपते म्हणून तिला टेम्पररी म्हणायचं. तुम्ही वर्डमध्ये फाइल उघडलीत की त्याच फोल्डरात टिल्डा आणि डॉलरनं सुरू होणारी एक बारकी लपलेली फाइल तयार होते, लिब्रेऑफिस पण तसलीच लॉक फाइल करतं, त्यात कोणी उघडलंय ते लिहिलेलं असतं. तुमच्या डीटीपीवाल्या मंडळींनी ह्या फाइली शंभरदा बघितल्या असतील. सगळं सुरळीत चाललं तर त्यांच्याकडं बघायची कधीच वेळ येत नाही. पण प्रोग्राम मध्येच मेला तर मरताना त्याच्या हातात काय होतं ते फक्त तिथंच असतं, दुसरीकडं कुठंच नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. चिक्कोडी भागात गूळ करणारं एक युनिट आहे, नाव घेत नाही, तिथला वजनकाट्याचा प्रोग्राम माझा. उसाचा ट्रॅक्टर येतो, भरलं वजन होतं, मग गाडी आत जाऊन ऊस खाली करते आणि परत काट्यावर येते तेव्हा खाली वजन. भरलं २४,३८० किलो, खाली ६,१२० किलो, म्हणजे ऊस १८,२६० किलो. ह्या दोन वजनांच्या मध्ये कधी अर्धा तास जातो कधी चार तास, नंबर लागेल तसं. तेवढा वेळ ते पहिलं वजन मी टेम्प फोल्डरात एका फाइलीत ठेवत होतो, पावती पूर्ण झाली की डेटाबेसमध्ये घालायचं आणि फाइल पुसायची. आणि प्रोग्राम सुरू होताना पहिलीच ओळ, फोल्डर रिकामं करा. वर कॉमेंट पण टाकली होती मी, "आधीचा राहिलेला कचरा साफ". नीटनेटकं वाटायचं मला ते.

दोन हंगामांपूर्वी डिसेंबरात रात्री अकराला तिथली लाइट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली, मशीन बंद पडलं. लाइट आल्यावर काट्यावरच्या मामांनी प्रोग्राम चालू केला आणि माझ्या त्या ओळीनं आपलं काम केलं. सात गाड्यांची भरलेली वजनं गेली, आणि त्यातल्या पाच गाड्यांनी ऊस खाली करून पण झाला होता, म्हणजे परत वजन करायची सोय नाही. मी पोचलो तेव्हा दीड वाजला होता, थंडीत ड्रायव्हर लोक शेकोटी करून बसलेले, एक शेतकरी स्वतः आलेला, तो मला एवढंच विचारत होता की माझा ऊस किती ते तुमच्या मशीनला म्हाईत नाही तर कोणाला म्हाईत. मामांची एक जाड पुठ्ठ्याची वही होती, त्यात ते आपल्या समाधानासाठी पेन्सिलीनं वजनं लिहायचे, पाचातल्या तीन गाड्या तिच्यात सापडल्या. राहिलेल्या दोघांना त्यांच्या आधीच्या खेपांची सरासरी धरून पावती दिली. एक जण तयार झाला, दुसरा नाही झाला, आणि त्याचं चुकलं असं मी कधी म्हणणार नाही.

मी ती वही बघत होतो. दुसरं वजन झालं की मामा पहिलं खोडत नव्हते, नुसती एक बारीक रेघ मारत होते. मी विचारलं तर म्हणाले, "खोडत नाही बाबा, उद्या कोण विचारलं तर?"

दुसऱ्या दिवशी ती ओळ काढली. पुसायचं नाही, काम झालेली फाइल "झालेली" नावाच्या फोल्डरात सरकवायची, आणि तीस दिवसांपेक्षा जुनी असेल तरच काढायची. जुन्या नावानं नवीन फाइल येत असेल तर जुनीवर लिहायचं नाही, तिच्या नावाला वेळ जोडून बाजूला ठेवायची. एवढाच बदल, दहा-बारा ओळी.

आणि आठ दिवसांत मला जे दिसलं त्यासाठीच खरं तर हे सगळं सांगालोय. त्या काट्यावर आधी दोन महिने एक तक्रार येत होती की कधीकधी एका गाडीचं वजन दुसऱ्याच गाडीच्या पावतीवर येतं. रोज नाही, पंधरा दिवसांतनं एकदा. मी दरवेळी जायचो, मशीनसमोर बसायचो, प्रोग्राम बंद करून चालू करायचो, आणि चालू केल्याबरोबर सगळा पुरावा मीच साफ करत होतो. मग काय दिसणार, सगळं बरोबर दिसायचं. मी त्या मामांना म्हणालो पण होतो की तुमचं टायपिंग चुकत असेल. आता फाइली राहायला लागल्या तर एके दिवशी ४४१७ नावाच्या दोन फाइली सापडल्या. एक सकाळी ९ वाजून १० मिनिटांची, दुसरी ९ वाजून ३५ ची. पहिलीत गाडी केए २३, दुसरीत एमएच ०९. चिक्कोडीचा एक ट्रॅक्टर आणि कोल्हापूरचा एक ट्रॅक्टर, आणि दोघांचे शेवटचे चार आकडे एकच! काट्यावर घाईत सगळे शेवटचे चार आकडेच सांगतात म्हणून मी फाइलीचं नाव पण तेवढंच ठेवलं होतं. पहिली गाडी आत असताना दुसरी आली की पहिलीचं वजन गायब, तिच्या जागी दुसरीचं. इकडं सीमेवर दोन्हीकडच्या गाड्या एकाच रांगेत उभ्या असतात, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. मामांच्या वहीत त्या दोन गाड्या वेगळ्याच होत्या, ते पुढची अक्षरं पण लिहीत होते. दोन महिने जे सापडत नव्हतं ते दोन फाइली शेजारी शेजारी ठेवल्यावर पाच मिनिटांत सापडलं. मामांची माफी मागितली मी, चहा घेतला आणि आलो.

त्याच्यापुढं अजून एक धडा शिल्लक होता. पुढच्या हंगामात परत एकदा लाइट गेली आणि ह्या वेळी फाइल होती पण आत काहीच नाही, शून्य बाइट. हे असं का होतं ते नवीन पोरांनी नीट समजून घ्यावं. आपण फाइल नव्यानं लिहायला उघडतो तेव्हा आधी ती रिकामी होते आणि मग आत मजकूर जातो, आणि तो पण लगेच डिस्कवर जात नाही, ऑपरेटिंग सिस्टिम थोडा वेळ मेमरीत धरून ठेवते. त्या मधल्या वेळात लाइट गेली की जुनं पण गेलं आणि नवं पण नाही. ह्याच्यावर जुना उपाय आहे, आधी दुसऱ्या नावानं पूर्ण फाइल लिहायची, एफसिंक ही आज्ञा देऊन ती डिस्कवर गेल्याची खात्री करायची, आणि मग नाव बदलून मूळ जागी आणायची. नाव बदलणं एका फटक्यात होतं, अर्धवट होत नाही, म्हणजे बघणाऱ्याला एकतर जुनी पूर्ण फाइल दिसते नाहीतर नवी पूर्ण. फक्त दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर पाहिजेत. डी वर लिहून सी वर आणायला गेलात तर ते नाव बदलणं राहत नाही, कॉपी करणं होतं, आणि परत तेच दुखणं.

आणि जागा कुठली हे पण बघा. विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स ही सफाईची सोय चालू असेल तर टेम्प फोल्डर आपोआप साफ होऊ शकतं, आणि वर तुमच्यासारखी टीप वाचून कोणीतरी साफ करणारच. लिनक्सवर तर टीएमपी, म्हणजे तिथलं टेम्प फोल्डर, पुष्कळ ठिकाणी रॅममध्येच असतं, मशीन बंद केलं की गेलं. सिस्टिमडीचा, म्हणजे लिनक्समधली अशी कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, नेहमीचा हिशोब असा की टीएमपीतलं दहा दिवस हात न लागलेलं काढायचं आणि व्हार टीएमपी ह्या दुसऱ्या टेम्प फोल्डरातलं तीस दिवसांनी. ह्यात त्यांची काही चूक नाही, ती जागाच तशी आहे, एसटी स्टँडवरच्या बाकड्यासारखी. ज्या फाइलीवर कोणाचा तरी ऊस नाहीतर दूध अवलंबून आहे ती तिथं ठेवायची नाही, प्रोग्रामचं स्वतःचं फोल्डर करायचं, प्रत्येक वेळी प्रोग्राम चालला की तारीख आणि वेळ टाकून आत एक नवीन फोल्डर, आणि नाव असं ठेवायचं की दुकानातल्या माणसाला फोनवर सांगता येईल. माझ्या एका फोल्डरचं नाव आता "पुसू_नका" असंच आहे, डेअरीतली बाई फोनवर बरोबर सापडवून देते.

डेअरीवरनं आठवलं. खानापूर तालुक्यातल्या एका डेअरीत दहा दिवसांचं दूधबिल निघालं नाही, प्रोग्राम नुसता "फाइल वाचता येत नाही" म्हणून थांबायचा. ह्या वेळी मी शहाणा झालो होतो, बिल काढताना प्रत्येक पायरीची फाइल वेगळी राहत होती, आधी दुधाची नोंद, मग फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर, मग बिलाच्या ओळी. पहिल्या दोन चांगल्या, तिसरी एका ओळीवर तुटलेली. ओळ उघडली तर कन्नडमध्ये लिहिलेलं एका सभासदाचं लांब नाव. आपल्याकडं नावं कन्नड, मराठी, इंग्लिश तिन्हीत येतात आणि पावती पण तशीच लागते, हे परगावच्या सॉफ्टवेअरवाल्यांना समजवता समजवता जीव जातो. तर झालं होतं असं, नावाची जागा ६० बाइटची. इंग्लिशचं एक अक्षर एक बाइट, पण युटीएफ-८ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत मराठीचं काय आणि कन्नडचं काय, एकेक अक्षर तीन बाइट, आणि काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, प्रत्येकी तीन. नाव, वडलांचं नाव, आडनाव, मध्ये दोन स्पेस. ६० मधनं दोन स्पेस गेल्या, ५८ राहिले, त्यात १९ अक्षरं म्हणजे ५७ बाइट, आणि शेवटचा एक बाइट नुसताच लोंबकळत राहिला, पुढच्या अक्षराच्या तीन बाइटांतला पहिला. तुटलेलं अक्षर बघून प्रोग्राम थांबत होता. त्या एका नावामुळं सगळ्या डेअरीचं बिल अडलेलं! मराठी नाव लांब असतं तरी हेच झालं असतं. फाइल शिल्लक होती म्हणून वीस मिनिटांत कळलं, नाहीतर मी आधी डेटाबेस खोलला असता, मग प्रिंटरला शिव्या दिल्या असत्या, आणि दूधवाल्यांचे पैसे अजून चार दिवस लांबले असते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही, मोठमोठ्या टूलमध्ये ही सोय आधीपासनं आहे. जीसीसीला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणाऱ्या कंपायलरला, सेव्ह-टेम्प्स असं सांगितलं की कंपाइल करतानाच्या मधल्या फाइली तो ठेवून देतो. पायटेस्ट हे प्रोग्राम तपासायचं टूल आपल्या टेस्टची मागच्या तीन वेळची टेम्प फोल्डरं राखून ठेवतं. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमध्ये रिबेस, म्हणजे ते बदल नव्या जागी परत चढवायचं काम, अर्धवट अडकलं तर कुठवर आलं ते डॉट-गिटच्या आत फाइलीतच लिहिलेलं असतं, म्हणून तर कंटिन्यू म्हटलं की पुढं जातं. पोरं ही टूलं रोज वापरतात पण आत उघडून बघत नाहीत, आणि इंडेक्स लॉक आहे म्हणून मेसेज आला की नेटवर बघून ती लॉक फाइल सरळ उडवतात. अरे, आधी बघा की दुसरं गिट चालू आहे का! लॉक फाइल स्वतः लिहीत असाल तर तिच्यात प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, नंबर आणि वेळ टाका, म्हणजे ती जिवंत माणसाची आहे की मेलेल्याची हे ठरवता येतं. एका पतसंस्थेत मी बघितलंय, रोज सकाळी येऊन लॉक फाइल डिलीट करणं हे क्लार्कचं कामच झालं होतं, आणि एके दिवशी व्याजाचं काम खरंच चालू असताना डिलीट झाली आणि व्याज दोनदा पडलं.

एक गोष्ट मात्र काळजीची. फाइली ठेवायच्या म्हणजे त्यात लोकांची नावं, खाते नंबर, मोबाइल नंबर राहणार. कोणाला पण उघडता येईल अशा फोल्डरात त्या पडू देऊ नका, आणि "जरा फोल्डर पाठवा" म्हटलं की लोक झिप करून सरळ व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतात, हे मी डोळ्यानं बघितलंय, फार वाईट वाटतं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी आपल्या गावातल्या माणसाचा खाते नंबर आपण असा फिरवायचा का. माझ्याकडं आता स्टेट फाइलीत खाते नंबराचे शेवटचे चारच आकडे जातात, ओळख पटवायला सोबत सभासद क्रमांक असतो म्हणून गाड्यांसारखी गल्लत होत नाही, आणि तीस दिवसांनी फाइल खरोखर जाते, कायमची ठेवायची नाही. ठेवणं आणि काढणं दोन्ही ठरवून करायचं.

आता ज्यांच्या हातात आहे त्यांना दोन शब्द. आपल्या बेळगावात व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, आहे, १९९८ पासून, आजूबाजूला इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं, आमच्या खानापूर निपाणीकडची मराठी शाळेतनं शिकलेली पोरं तिथनं बाहेर पडून पुण्याला बंगळूरला जातात. पोरं हुशार आहेत, माझ्याकडं दोन आहेत त्यांचं मला कौतुक आहे. पण प्रोजेक्टच्या व्हायव्हाला चालणारा प्रोग्राम दाखवायचा असतो. सरांना माझी हात जोडून विनंती आहे, पोरं प्रोग्राम दाखवत असताना एकदा मध्येच मशीनची वायर काढा, परत चालू करायला सांगा, आणि विचारा, आता सांग कुठवर काम झालं होतं, कशावरनं सांगतोस. जे पोरगं फोल्डर उघडून फाइल दाखवेल त्याला दोन मार्क जास्त द्या.

आणि सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या डेअरीच्या, पतसंस्थेच्या, काट्याच्या मालकांनो, पैसे देण्याआधी एवढं विचारा की प्रोग्राम अडकला तर मागं काय राहतं, कुठं राहतं, किती दिवस राहतं. रिमोटवर येऊन पहिल्यांदा टेम्प साफ करून रिस्टार्ट मारणारा माणूस असेल तर त्याला थांबवा, आधी फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या मग काय करायचं ते कर म्हणावं. रिस्टार्टनं प्रोग्राम चालू होतो हे खरं, पण का बंद पडला होता ते त्याच्याबरोबरच जातं आणि पुढच्या महिन्यात परत तोच फोन.

संपादक साहेब, तुम्हाला एवढीच विनंती, पुढच्या आठवड्यात त्या सदरात टीपेची दुरुस्ती छापा. फार जागा नको, एवढं चालेल: "टेम्प फोल्डर साफ करण्याआधी सगळे प्रोग्राम बंद करा. हिशोबाचं, काट्याचं, डेअरीचं सॉफ्टवेअर असलेल्या मशीनवर आधी ज्याने ते करून दिलंय त्याला फोन करा. काही बिघडलेलं असेल तर फोल्डरची कॉपी काढून ठेवल्याशिवाय एकपण फाइल पुसू नका." चिक्कोडीच्या त्या मामांकडं तुमचाच पेपर येतो, ते नक्की वाचतील आणि कापून काट्याच्या खिडकीला लावतील.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव